आईला दिसतील एवढी अक्षरं

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या कारध्याच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि कित्येक वर्षं तो आईच वाचायची. मग तिची नजर मंदावली. एकदा ती एकाच ओळीवर अडखळत राहिली, तेव्हा शेजारची बाई मायेनंच म्हणाली, "काकू, आता तुमी बसून आयका." तेव्हापासून आई मागच्या भिंतीशी बसू लागली. मला ते बघवेना.

आता चष्म्याचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्या ग्रंथातलं एक प्रकरण टाइप केलं आणि मोठ्या अक्षरांत छापायचं ठरवलं. आईची अट एकच. "सुटे कागद देऊ नोको. तिथं पुस्तक वाचतात."

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती. पुस्तकाची पानं जुळवणारं लाटेक नावाचं सॉफ्टवेअर त्यावर फुकट मिळतं, एवढीच माझी अक्कल. ते टाकलं. पान निघालं ते कोरं, खाली फक्त पानाचा क्रमांक. मी तापट माणूस. कुठूनतरी त्याचीच दुसरी आवृत्ती आणून पहिलीच्या उरावर बसवली. दोघी एकमेकींच्या पायात पाय घालू लागल्या, वर डिस्क गच्च भरली. आता सगळंच काढायचं होतं.

काढायची आज्ञा दिली तर पडद्यावर यादी सरकू लागली. काय काय जाणार, किती जागा मोकळी होणार, आणि शेवटी प्रश्न, पुढे जाऊ का? मी बघतच राहिलो. एवढी विचारपूस करून आमचे पाहुणेही घरातून निघत नाहीत. तरी बटण दाबताना भीती वाटलीच.

आई मागे उभी होती. "काय करून राहिला?"

"काढून राहिलो."

"अन् माह्यावालं प्रकरण?"

उघडून पाहिलं. एक काना हलला नव्हता. मजकूर आपल्या जागी होता, गेली होती ती फक्त पानं जुळवणारी माणसं.

मग नीट वाचून पुन्हा टाकलं. पडद्यावर त्यातल्या एकेका भागाची नावांमागून नावं उतरत गेली. जोडाक्षर कसं बसवायचं, वेलांटी कुठून वळवायची, हे कोण कुठल्या लोकांनी ठरवून जगाला देऊन टाकलं होतं. त्यांनी वैनगंगा पाहिली नसेल, माझ्या आईला तर नाहीच. मला भरून आलं. पहिल्या वेळी देवनागरी फॉन्टचं नाव लिहायचं राहिलं होतं, एवढाच घोटाळा. ते लिहिलं आणि कोऱ्या पानावर मराठी उमटली.

वरच्या ओळीतला अक्षरांच्या आकाराचा एक आकडा वाढवला की अख्खं प्रकरण नव्यानं जुळून यायचं, ओळी सरळ, समास सारखे.

"दिसते?"

"नाही."

वाढवला. "आता?"

"नाही बाप्पा."

पानावर मोजक्याच ओळी उरल्या. मी पुन्हा विचारणार, तोच आई स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचू लागली.

छापून, शिवून, पुठ्ठा घालून घेतलं. एका प्रकरणाचं जाडजूड पुस्तक झालं. त्या संध्याकाळी आई पुढे बसली. आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला. शेवटचं पान उलटल्यावर पुठ्ठा आला. तिनं मान वर करून भरल्या विहारात मला विचारलं, "उद्याचं कुठी आहे?"