फोटोतील इसम गावी आढळून आला नाही

सुगंधाबाईंच्या हनुवटीवरची गोंदणाची तीन टिंबं मी अर्ध्या तासात पुसली. ती परत आणायला मला, त्यांना आणि दोन देशांच्या सरकारांना अडीच वर्षं लागली.

मी तेव्हा जळगावात मोतीलालशेठच्या स्टुडिओत रिटचिंगला होतो. अकरावी एकदा नापास, एकदा पास, आणि शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी दोनदा पाठ थोपटलेली, एवढ्या भांडवलावर. काम असं : निगेटिव्ह उजेडासमोर धरायची. चेहऱ्यावर जिथं डाग असेल तिथं ती काचेसारखी दिसते. तेवढी जागा टोकदार पेन्सिलीनं हलकेच भरली की छापताना डाग गायब. जिल्ह्यातल्या निम्म्या उपवर मुली माझ्या पेन्सिलीखालून गोऱ्या होऊन गेल्या होत्या. लग्नानंतर कुणी तक्रार घेऊन आलं नाही, त्यामुळे हात जरा सैल सुटला होता.

सत्तर सालच्या संक्रांतीनंतर सुगंधाबाई आल्या. फैजपूरजवळच्या खेड्यातल्या. वय तिशीच्या आतबाहेर. बरोबर दीर कौतिक, ज्याचं काम प्रत्येक वाक्याला ‘हो नं’ म्हणायचं. नवरा जीवराम भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात फिटरचं काम शिकला आणि चौसष्ट साली विलायतेला गेला. तिकडे कॉव्हेंट्री नावाच्या गावात मोटारींच्या कारखान्यात होता. फैजपूरच्या तोंडात त्या गावाची कोयंटरी झाली होती. तो गेला तेव्हा कुंदा पोटात होती. आता ती पाच वर्षांची झालेली, आणि बापानं तिला, तिनं बापाला फोटोतच पाहिलेलं. जीवरामनं दोन खोल्या घेतल्या होत्या. पत्रात एकच धोशा, ‘लवकर या, इथं रोज नवा कायदा निघतो.’

“हसू का नको?” बाईंनी खुर्चीच्या कडेवर टेकत विचारलं.

“पासपोर्टला हसत नाहीत, अक्का.”

“बरं हाये. तशी बी सवय नही.”

केळीची बाग त्या एकट्या सांभाळत. सासरे थकलेले. कौतिकचं ‘हो नं’ केळीला पाणी देत नाही. उन्हानं चेहरा रापलेला, गालावर देवीचे वण, हनुवटीवर हिरवट टिंबं. मला वाटलं, बाई सहा वर्षांनी नवऱ्याला भेटणार, जरा नीट दिसू दे. वण भरले, कपाळावरच्या आठ्या भरल्या, आणि हात लागलाच आहे म्हणून टिंबंही भरली.

फोटो त्यांनी दाराच्या उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, “ही माही लहान जाऊ असती त मी तिले कामाले लावली असती.” पण फोटो पदराच्या गाठीत गेला. एक अर्जाला लागला, दोन प्रती जीवरामला पोस्टानं गेल्या, आणि त्यातली एक त्यानं तिकडे बायको-मुलीला बोलावण्याच्या आपल्या अर्जाला चिकटवली. इथं माझी चूक आगबोटीत बसली.

होळीनंतर पासपोर्टच्या चौकशीला एक जमादार खेड्यात गेले. पारोळ्याकडचे, अहिराणी बोलणारे होते. पुढचं सुगंधाबाईंनी स्टुडिओत येऊन, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मला ऐकवलं.

“मी बागेतून आली. तो खाटीवर बसेल. हाती फोटो. मले म्हने, हाई बाई कोठे शे? मी म्हटलं, मीच. तो फोटोकडे पाहे, माह्याकडे पाहे. म्हने, तुनी धाकली बहीण शे का? तिले बलाव. मी म्हटलं, मले बहीणच नही. तो म्हने, खोटं बोलू नको, सरकारी काम शे.”

“मग?”

“मंग काय. सासरे म्हनले हीच माही सून. तो म्हने, आबा, तुमले दिसत नही. सासऱ्याच्या डोयात मोतीबिंदू, हे त्याले कोनी सांगतलं?” त्यांनी कौतिककडे पाहिलं.

“हो नं,” कौतिक म्हणाला.

जमादारांनी शेरा मारला तो नंतर आम्ही सगळ्यांनीच पाठ केला : ‘फोटोतील इसम चौकशी करता गावी आढळून आला नाही. त्याच नावाची दुसरी स्त्री मिळून आली.’ खरं सांगायचं तर त्या शेऱ्यात चूक काढायला जागा नव्हती. अर्जात ओळखीची खूण म्हणून ‘हनुवटीवर गोंदण’ लिहिलेलं, फोटोत हनुवटी लोण्यासारखी. माझ्याच हातची कारागिरी.

अर्ज परत आला. मोतीलालशेठनं नवा फोटो फुकट काढला आणि माझी पेन्सिल आपल्या खिशात घातली. पण नव्या फोटोनं भागेना. जुनी बाई कोण, याचा खुलासा हवा. म्हणून मी कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्र करायला गेलो. कारकुनानं विचारलं, “गोंदण काढलं ते कोणत्या हत्यारानं?”

“पेन्सिलीनं.”

“बाईंची संमती होती?”

“फोटोवरचं काढलं, साहेब. अंगावरचं नाही.”

त्यानं चष्मा वर केला, मला पाहिलं, आणि लिहिलं : ‘पेन्सिलसारख्या वस्तूने’. माझ्या सहीनिशी ते वाक्य आजही कुठल्याशा फायलीत आहे.

हे लिहायला चार ओळी लागल्या, व्हायला पावसाळा गेला. एकदा साहेब रजेवर, एकदा स्टॅम्पपेपर नाही, एकदा कुंदाची जन्मनोंद मुलगा म्हणून झालेली निघाली. दर खेपेला बाई पहाटेच्या मोटारीनं यायच्या. दर खेपेला विहिरीच्या पाण्याची त्यांची पाळी चुलत घराकडे जायची. कचेरीच्या पायरीवर बसून त्या पिशवीतली केळी खात आणि समोरच्या बंद दाराकडे पाहत म्हणत, “घड उतरवाले येवढा उशीर केला असता त झाडावर पिकून सडले असते.”

दिवाळीनंतर पासपोर्ट आला. त्यात बाई खऱ्या होत्या. मी सुटलो असं मला वाटलं.

मग मुंबईच्या विलायती परवान्याच्या कचेरीतून मुलाखतीला बोलावणं आलं, एकाहत्तरच्या जानेवारीत. मोतीलालशेठनं मला निगेटिव्ह देऊन बरोबर धाडलं. “तूच पुसलंय, तूच सांग,” म्हणाले. साहेबाच्या टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. पासपोर्टमधला टिंबांचा, आणि जीवरामच्या अर्जातला लोण्यासारखा. साहेबाला एक नवरा आणि दोन बायका दिसत होत्या.

शेजारी दुभाषी होता. तो म्हणाला, “बाई, आपल्या चिबुकावरील चिन्ह पुसून दाखवावे.”

“काय म्हनते हा?”

“हनुवटी पुसा म्हणतात,” मी सांगितलं.

त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि पुसलं. साहेबानं आणखी जोरात अशी खूण केली. त्यांनी आणखी जोरात घासलं. हनुवटी लाल झाली, टिंबं होती तिथंच होती. मी निगेटिव्ह पुढं केली, पेन्सिलीचा थर दाखवला, येत होतं तेवढं इंग्रजी बोललो. साहेब नीट ऐकून घेत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, नवऱ्याला विचारून कळवू.

बाहेर बाकावर कौतिक वाट पाहत होता, बाई त्याच्याशेजारी हनुवटीला पदर लावून बसल्या. मग त्या म्हणाल्या, “मेल्यावर बी गोंदन संगं येते, असं माही माय सांगे. तू त त्याले बोरीबंदरापर्यंत बी येऊ देलं नही.”

“चुकलो, अक्का.”

“चुकलो म्हनून भागत नही. तू तुह्या मनगटावर एक टिंब गोंदून घे. मंग समजन, पुसाले किती लागते.”

“घेतो.”

“कवा?”

“परत गेल्यावर. आठवडे बाजारात गोंदणारीण बसते तिथं.”

“पाहीन मी.”

जळगावला परतल्यावर त्याच दिवशी मी जीवरामला पत्र टाकलं. सगळी हकिगत लिहिली, कुणी विचारायला आलं तर टिंबं तीन सांगा म्हणून. पत्र तिकडे पोचेपर्यंत टपालवाल्यांचा संप झाला. पत्र कुठं तरी पोत्यात पडून राहिलं. सरकारी माणूस मात्र संपावर नव्हता. तो जीवरामच्या दारी गेला, चौकशी केली, आणि उन्हाळ्यात सुगंधाबाईंना कळलं : परवाना नामंजूर. कारण, पतीच्या सांगण्यानुसार पत्नीच्या चेहऱ्यावर कोणतीही खूण नाही.

ते सरकारी पत्र मीच वाचून दाखवलं. माझ्यावर चिडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या चिडल्या नाहीत. “सात वर्सांत इसरले,” एवढंच म्हणाल्या, आणि मोटारीची वेळ झाली नसतानाच उठल्या. त्यानंतर नामंजुरीवरच्या अपिलाच्या कागदावर अंगठा घ्यायला कौतिक एकटाच कागद घेऊन जायचा.

बहात्तरच्या फेब्रुवारीत जीवराम स्वतः आला. बिनपगारी रजा काढून. लोकरीचा कोट, जळगावच्या उन्हात. कुंदा त्याच्या जवळ जाईना. ती स्टुडिओतल्या रंगवलेल्या कारंज्याच्या पडद्यामागं लपली. अपिलाला जोडायला नवरा-बायकोचा एकत्र फोटो हवा होता. मी दोघांना शेजारी बसवलं. जीवरामनं वळून बायकोच्या हनुवटीकडे पाहिलं.

“हाये नं,” तो म्हणाला.

“मंग तुम्ही नही काबरं सांगतलं?”

“तो मानूस फोटो हाती धरून विचारे. म्हटलं, आपनच देलेला फोटो. त्यात नही, अन् मी हाये म्हटलं, त आपनच खोटे पडू. तुले परवाना भेटावा म्हनूनच त नही म्हटलं.”

बाई समोर कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. “म्हंजे इसरले नव्हते?”

“इसरीन कसा? माह्या देखत गोंदलं. तू किती रडली व्हती जत्रेत. तवा आपलं लग्न नव्या नवाईचं.”

त्या फोटोत सुगंधाबाई हसल्या आहेत. पासपोर्टला हसत नाहीत, पण तो पासपोर्टचा नव्हता, म्हणून मी बटण दाबलं. रिटचिंगच्या टेबलाकडे तो गेलाच नाही. वण, आठ्या, टिंबं, सगळं जसंच्या तसं साक्षांकित होऊन मुंबईला गेलं.

परवाना जूनमध्ये आला. महिन्याच्या आत या, असं रजा संपून परत गेलेल्या जीवरामचं पत्र. बाईंनी बागेतले तयार घड उतरवून, वॅगन भरून दिल्याशिवाय हलायला नकार दिला. “मी आठ वर्स थांबली. आता कोयंटरी थांबू दे.”

भुसावळ स्टेशनवर मी निरोपाला गेलो, हसऱ्या फोटोच्या दोन प्रती घेऊन. कुंदा खिडकीत, कौतिक माझ्याशेजारी फलाटावर. बाईंनी प्रती पाहिल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि हात पुढं केला. मला वाटलं, निरोपाचा.

“मनगट दाखव,” त्या म्हणाल्या.

मी शर्टाची बाही वर केली. मनगट कोरं होतं. दर आठवड्याला मी गोंदणारणीच्या समोरून जात होतो, सुई पाहत होतो आणि भाजी घेऊन घरी येत होतो.

“बाजाराच्या दिवशी पाऊस होता, अक्का.”

“दीड वर्स?”

गाडी हलली. खिडकीतून त्यांनी कौतिकला सांगितलं, “याले इसरू देऊ नको रे.”

“हो नं,” कौतिक म्हणाला, आणि तेव्हापासून तो बाजारात दिसला की आधी माझ्या मनगटाकडे पाहतो.