राहून गेलेल्या चार ओळी

त्या अडतीस कागदांची चळत आजही हाताला जाणवते. माझ्या नोकरीत मी खुनाच्या फायली हाताळल्या, दरोड्यांच्या हाताळल्या. त्यातल्या बऱ्याचशा आता आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र ना पोलीस ठाण्यातलं, ना आपल्या देशातलं. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला बेडीही पडली नाही. तरीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या मला स्वतःची चूक दिसली ती याच प्रकरणात, म्हणून ते लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात इन्स्पेक्टर असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कुवेतला गेलो. फहाहीलमधल्या एका खासगी इस्पितळात सुरक्षा अधिकारी म्हणून काम मिळालं. मिळालं म्हणजे एका मराठी डॉक्टरांनी शब्द टाकला म्हणून मिळालं. मूळचे पुण्याचे, हुशार, हाताला यश असलेले. त्यांच्या घरच्या गणपतीला मी दरवर्षी आरतीला उभा असायचो आणि महिन्यातून एका शुक्रवारी तरी त्यांच्याकडे जेवायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

अंगातला पोलीस सहजासहजी जात नाही. इस्पितळाच्या गेटवर मी ठाण्यासारखी डायरी सुरू केली होती. कोण आलं, किती वाजता, कशासाठी. पहारेकरी मागे हसायचे. हसोत बापडे. डायरी नसलेलं ठाणं आणि दार नसलेलं घर मला सारखंच.

एके दिवशी मुदीरांनी, म्हणजे इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी, मला बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. परदेशातल्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांचं, दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांकडे आलेलं पत्र होतं. आमच्या डॉक्टरांचा एक लेख त्यांनी छापला होता. उन्हात राबणाऱ्या मजुरांना मूतखडा का होतो आणि एका गोळीने तो टळतो का, असा विषय. अडतीस मजुरांचं रक्त-लघवी तपासून लिहिलेला. आता एका वाचकाने संपादकांना विचारलं होतं की या माणसांना प्रयोगाची कल्पना दिली होती का, त्यांची संमती घेतली होती का, आणि गोळ्या कुणी पुरवल्या? लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. संपादकांचं म्हणणं साधं होतं. ती ओळ राहून गेली असेल तर कळवा, आम्ही दुरुस्ती छापतो.

"डॉक्टर म्हणतात संमतीचे फॉर्म घेतले होते, ते लॅबमध्ये आहेत," मुदीर हिंदीत म्हणाले. "लॅबवाली बाई म्हणते असे फॉर्म नव्हतेच. काल तिच्याच कपाटात ही फाइल निघाली. म्हणजे तिने लपवली. तुम्ही आठ दिवसांत लिहून द्या, मी तिचा इकामा रद्द करतो."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो गेला की माणूस पंधरा दिवसांत विमानात. या टेक्निशियन बाई मिरजेकडच्या. नवरा गेलेला, दोन मुलं आईपाशी ठेवून आलेल्या. कागदपत्रं लपवल्याचा शेरा घेऊन परत गेल्या असत्या तर आखातातलंच काय, गावाकडचंही इस्पितळ त्यांना दारात उभं करणार नव्हतं.

मी फाइल घेऊन माझ्या खोलीत आलो आणि कागद पसरले. अडतीस फॉर्म. तारखा जवळजवळ चार महिन्यांत विखुरलेल्या, दीड वर्षापूर्वीच्या. प्रत्येकावर मजुराची सही नाहीतर अंगठा, आणि खाली लिहिलेलं की सकाळी दहा वाजता माहिती सांगितली, समोर गोळी दिली, ती पाण्यासोबत घेतली. नीटनेटकं काम. फारच नीटनेटकं. चार महिन्यांत गोळा केलेल्या कागदांना घड्या पडतात, डाग पडतात, कुणाचं पेन निळं असतं कुणाचं काळं. इथे सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, आणि वरच्या फॉर्मवरच्या सहीचा दाब खालच्या फॉर्मवर उमटलेला. गठ्ठा मांडीवर ठेवून एकामागून एक सह्या घेतल्या की असंच होतं. एका बैठकीतल्या सह्या मी लांबून ओळखतो. कसा ओळखतो ते शेवटी सांगेन.

पण ओळखणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. मी आधी बाईंना बोलावलं.

"बसा ताई. घाबरू नका."

"मी घाबरलेली नाही, चिडलेली आहे," त्या म्हणाल्या. उभ्याच राहिल्या.

"फॉर्म होते?"

"नव्हते. मी तेव्हा डॉक्टरांना विचारलंही होतं, यांना काही सांगायचं नाही का म्हणून. ते म्हणाले, इकाम्याच्या मेडिकलला ही माणसं रक्त देतातच, त्यांना काय समजावत बसायचं."

"मग तुमच्या कपाटात फाइल कशी आली?"

"कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे असतात. माझ्याकडे, मेट्रनकडे आणि डॉक्टरांकडे. तुम्ही पोलीस होतात ना? मग हे मला का विचारताय?"

चौकशीत एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. खोटं बोलणारा माणूस तुम्हाला पटवायला बघतो. खरं बोलणारा वैतागतो. पण वैताग काही पुरावा म्हणून जोडता येत नाही. त्या दाराशी जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरांच्या घरी जेवता, हे मला माहीत आहे."  

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपल्यावर मी अबू हलीफाला गेलो. त्या अडतिसांतले बरेचसे मजूर आमच्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. एका फ्लॅटमध्ये सात-आठ जण राहत होते. त्यांच्यात वयाने मोठे एक चाचा होते, राजापूरकडचे. मी कुठला, काय करत होतो हे कळल्यावर त्यांनी चहा ठेवला. मी त्यांचा फॉर्म दाखवला.

"सही तुमची?"

"माझीच हाय."

"कधी केलीत?"

चाचांनी फॉर्म खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तुमी आमच्याच मुलखातले, खोटा कशाला सांगू? मागल्या म्हयन्यात एक मानूस फारम घेवन आला. बोल्ला इकाम्याचा काम हाय. आमी सगल्यांनी बसल्या जागी सह्या केल्या."

"आणि रक्त घेतलं तेव्हा?"

"तवा कोनी काय सांगितला नाय. आमाला वाटला इकाम्याची तपासनी, गोल्या बी तेच्याच. इकाम्याला नाय कोन म्हननार?"

सगळं कळलं, तरी हातात काही येत नव्हतं. डॉक्टर म्हणणार, अडाणी माणसं, विसरली. म्हणून मी फॉर्मवरचा इंग्रजी मजकूर मराठीत वाचून दाखवला. तारीख, सकाळी दहा, गोळी, पाणी. चाचांनी हात वर केला.

"तारीख परत सांगा."

भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, इंग्रजी आणि हिजरी दोन्ही तारखांचं. त्याच्यामागे गेल्या वर्षाचं, त्यामागे त्याच्या आधल्या वर्षाचं. खिळ्याला तिन्ही तशीच. चाचांनी मागचं कॅलेंडर उलगडलं, बोट फिरवलं आणि बोट एका ठिकाणी ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो तर रमजान," ते म्हणाले. "सकाली धा वाजता मी गोली गिलली? पान्यासंगती?"

 चाचांचा चेहरा उतरला. त्यांचे पुढचे शब्द मी त्याच दिवशी डायरीत उतरवले होते. "रगात घेतलानी ते घेतलानी, साहेब. पन माझा रोजा मोडलेला लिवलानी?"

पोलिसात असताना मी रडारडी पुष्कळ पाहिली. ते वाक्य ऐकून जे झालं ते तिथे कधी झालं नव्हतं. मला त्या माणसासमोर मान वर करवेना.

परत येऊन मी फॉर्म पुन्हा तपासले. नऊ फॉर्मवरच्या तारखा रमजानातल्या होत्या. बाईंच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये या मजुरांच्या नमुन्यांच्या पानांवर तो सगळा महिना कोरा होता. वर त्यांच्या अक्षरात नोंद, रमजानमुळे नमुने बंद. माझ्या गेटच्या डायरीतही त्या महिन्यात मजुरांची बस आल्याची एकही नोंद नव्हती. डॉक्टरांनी दीड वर्षानंतर इंग्रजी कॅलेंडर समोर ठेवून तारखा टाकल्या होत्या. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पुण्याच्या माणसाने एकादशीची तारीख कधी चुकवली नसती.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर नऊ फॉर्म मांडले आणि शेजारी चाचांकडून मागून आणलेलं कॅलेंडर ठेवलं. आरोपीपुढे फार बोलू नये, वस्तू ठेवावी आणि थांबावं. मी थांबलो. डॉक्टरांनी एक फॉर्म पाहिला, दुसरा पाहिला, मग चष्मा काढून ठेवला.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. सिद्ध करायला पाच दिवस लागले."

त्यांनी पेपरवेट फिरवलं. मग म्हणाले, "लेख लिहिताना ती ओळ लिहायला बसलो होतो. संमती घेतली, असं लिहायला हात धजला नाही. घेतली नाही, असं लिहिलं असतं तर लेख छापला नसता. म्हणून सोडून दिली. खोटं लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं, असं मनाचं समाधान केलं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने दिल्या. एका वैद्यकीय परिषदेलाही मला त्यांनीच पाठवलं. तेही राहिलं."

"राहिलं की ठेवलं?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"ओळ सोडलीत इथपर्यंत मी समजू शकतो डॉक्टर. पण फाइल बाईंच्या कपाटात ठेवलीत. दोन मुलांच्या आईच्या."

"घाबरलो होतो. सह्या घ्यायला माणूसही मीच पाठवला," ते म्हणाले. नंतर हळूच, "तुम्हाला इथे मी आणलं."

"तेही अहवालात लिहिणार आहे."

आणि लिहिलं. माझ्या अहवालाची पहिली ओळ हीच होती की ही नोकरी मला याच डॉक्टरांच्या शब्दावर मिळाली, आणि हे मी चौकशी हाती घेतानाच सांगायला हवं होतं. मुदीरांनी ती ओळ दोनदा वाचली. बाईंचा इकामा तसाच राहिला. फाइल लपवल्याचा आरोप लेखी मागे घेतला गेला आणि त्या कागदाची प्रत त्यांनी मागून घेतली. डॉक्टरांपुढे मुदीरांनी दोन वाटा ठेवल्या. गुपचूप राजीनामा देऊन जा, नाहीतर संपादकांना स्वतः खरं लिहा आणि त्या माणसांनाही सांगा. डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पुढच्या शुक्रवारी ते माझ्याबरोबर अबू हलीफाला आले. उभं राहून सगळं सांगितलं. काहींना कळलं, काहींना नाही. चाचांनी शेवटी एवढंच विचारलं, "त्या कागदावरचा माझा रोजा?" डॉक्टरांनी तो फॉर्म काढला, मजकुरावर आडवी रेघ मारली, हे खोटं आहे असं मराठीत लिहिलं आणि खाली सही केली. चाचांनी कागद हातात घेऊन रेघ नीट पाहिली आणि परत दिला. मग डॉक्टरांनाही चहा दिला.

काही महिन्यांनी त्या नियतकालिकाच्या एका पानाच्या तळाशी चार ओळी छापून आल्या. अभ्यासात भाग घेतलेल्या माणसांना प्रयोगाची कल्पना दिलेली नव्हती. त्यांची संमती घेतलेली नव्हती. गोळ्या उत्पादक कंपनीने पुरवल्या होत्या. हे लेखात नमूद करायचं राहिलं, याबद्दल लेखकाला खेद आहे. बाईंनी ते पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि परत लॅबमध्ये गेल्या. डॉक्टरांच्या घरचं माझं जेवण तेव्हापासून बंद झालं, ते कायमचं.

आता एका बैठकीतल्या सह्या मी कशा ओळखतो ते.

हे सगळं पाहून परत आल्यावरही, काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी एका तपासाची हकीकत लिहिली होती. बंदराजवळच्या घरफोडीत एका खलाशाच्या खोपटातून मी तांब्या-पितळेची भांडी पंचांसमक्ष जप्त केली आणि त्याला शिक्षा झाली, अशी. लोकांनी वाहवा केली. अंक निघाल्यावर त्या खलाशाची मुलगी मला भेटायला आली. बाप तोवर गेला होता. तिने विचारलं, "साहेब, पंच खरंच तिथे होते का?" मी म्हणालो, होते. ती उठून गेली.

त्या चार ओळी छापणाऱ्यांकडे चूक कबूल करायला एक पान तरी होतं. ठाण्याच्या डायरीला तसं पान नसतं, आणि मी ते कधी मागितलंही नाही. आज मागतो. माझ्या त्या लेखात पुढील मजकूर राहून गेला आहे. झडतीच्या वेळी पंच हजर नव्हते. दोन्ही सह्या मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात, कोऱ्या कागदांवर घेतल्या. चोरी त्यानेच केली असं मला तेव्हा वाटत होतं, पण माझं वाटणं हा पुरावा नव्हता. त्याच्या मुलीने विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोललो.