माईक माझ्याच हातात होता

पालक मेळाव्याला पाहुणे बोलवायची दुर्बुद्धी मलाच सुचली होती, हे आधीच कबूल करते. पालक-शिक्षक संघाची मी उपाध्यक्ष, म्हणजे सूत्रसंचालनाला हक्काची बाई. आमची शाळा नेवासा तालुक्यातली. संध्याकाळची बस बंद झाल्यापासून वस्तीवरच्या मुली पाच किलोमीटर चालत घरी जात होत्या. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि थंडीत अंधार लवकर पडतो. ज्यांच्या एका फोनवर बस सुरू होईल असे एक पुढारी तालुक्यात आहेत. त्यांना बोलवू आणि सगळ्यांसमोर विचारू, असं मी ठरवलं.

विचारणार होती नववीतल्या एका मुलीची आई. तिच्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, महिनाभरात बस आली नाही तर पोरीची शाळा बंद. कांद्याची लागवड चालू होती, ती मेळाव्याला येणारच नव्हती. मी वस्तीवर जाऊन तिला तयार केलं. तुम्ही फक्त हात वर करा, माईक मी आणून देते, असा शब्द दिला.

मेळावा दहाचा. पुढारी कुठल्याशा दशक्रियेला श्रद्धांजलीचं भाषण ठोकून साडेबाराला उगवले. तोवर नगरहून आणलेले प्रेरणादायी वक्ते किल्ला लढवत होते. समोर गुरांचं, स्वयंपाकाचं उरकून आलेल्या बायका बसलेल्या, आणि हा माणूस त्यांना पहाटे उठण्याचे फायदे सांगत होता. मला इतका संताप आला की हातातला कार्यक्रमाचा कागद चुरगळून गेला.

मग सत्कार. व्यासपीठावरचे झाले, व्यासपीठावर न मावलेले झाले, मग अनवधानाने राहून गेलेले. एकाचं नाव मी मागे-पुढे घेतलं तर तो रुसून उठला आणि त्याची समजूत काढायला दोन शिक्षक फाटकापर्यंत पळाले. फेटे कमी पडले तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या डोक्यावरचा काढून एका पाहुण्याला घातला. पालकांना अजून पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

पुढारी पाऊण तास बोलले. मुली शिकल्याच पाहिजेत, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईनं पदर सावरला आणि हात वर केला. मला ती स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली: साहेबांना पुढे लग्नाला जायचंय, प्रश्नोत्तरं नकोत, थेट आभार घ्या.

आणि मी आभार घेतले. मंडपवाल्यापासून फेटेवाल्यापर्यंत सगळ्यांचे मानले. ती हात वर करून उभी होती, आणि मी तिच्याकडे न बघता कागद वाचत होते. का, याचं उत्तर फार साधं आहे. मी घाबरले. माझी मुलगी दहावीत, तिचे अंतर्गत गुण शाळेच्या हातात. शिवाय आमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, तिला कुठली बस लागते? त्या पाहुण्यांचा राग मला आजही येतो, पण ते जसे होते तसेच वागले. शब्द मी दिला होता.

राष्ट्रगीत संपताच मी फाटकाकडे धावले. ती चपला शोधत होती. माझ्याकडे बघून ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी आपलं काहीतरी बोलत सुटले, की साहेबांना घाई होती, माझा नाइलाज झाला, पुढच्या मेळाव्याला पहिला माईक तुम्हालाच देईन.

तिनं चपला पायात सरकवल्या.

"पुडच्या मेळाव्याला मी कशाला यिन, ताई," ती म्हणाली. "तवर माजी पोरगी साळंत ऱ्हाणार न्हाई."