उसना कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरात बायकोलासुद्धा नाही. मला गाण्यातलं काहीही कळत नाही. सूर, पट्टी, ठेका, सगळं सारखंच. आणि तरीही दहा-बारा वर्षं मी एका माणसाचा कान म्हणून काम केलं.

रविवारची दुपार झाली की कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हाक यायची, "ओ शेजारी! दोन मिनिटं या की!" मी चपला अडकवून जायचो आणि ठरलेल्या वेताच्या खुर्चीत बसायचो. पलीकडचे काका उजव्या हाताचं एक बोट वर धरायचे, दुसऱ्या हातानं बटण दाबायचे आणि म्हणायचे, "फरक सांगा. बाकी काही सांगू नका."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. कुणी जुनी स्कूटर खोलून बसलेला असतो, कुणी गच्चीवर कबुतरं पाळतो. आमच्या वाट्याला अॅम्प्लिफायर आला होता. टेपमधला बारीकसा आवाज स्पीकर हलवण्याइतका मोठा करणारा डबा, एवढंच मला त्यातलं समजलं. काका तो स्वतः आखायचे, स्वतः जोडायचे आणि महिन्याभरात स्वतःच मोडायचे. "बाजारात तयार मिळतो की, काका," मी एकदा म्हणालो. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरी जेवायला बसून हॉटेलचा पत्ता विचारला होता. "मिळतो ना," ते म्हणाले. "ओरडतो लई. सांगत काय नाय."

आम्ही गारखेड्यात राहायला आलो तेव्हा आमची रो-हाउसची ओळ म्हणजे औरंगाबादचं शेवटचं टोक होतं. मागच्या खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. काका वाळूजच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या मशिनांच्या खात्यावर सुपरवायझर होते. त्या ठोक्यांत सारी नोकरी गेली आणि कानांना वरचे आवाज ऐकू येणंही गेलं. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक यायचे नाहीत. दार धाडकन आपटलेलं कळायचं, घड्याळाचा गजर कळायचा नाही. आता अशा माणसानं बुद्धिबळ खेळावं, बाग करावी. यांनी नेमका हाच छंद धरला होता. म्हणून त्यांना दुसऱ्याचा कान लागायचा.

माझी नेमणूक कशी झाली तेही सांगतो. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं आणि एकच गाणं दोन डब्यांतून ऐकवलं. मला दोन्ही एकच वाटलं. पण नवा शेजारी, हातात त्यांचाच चहा. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "दुसऱ्यात जरा मोकळं वाटतंय." काकांनी कपाळाला हात लावला. आत तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? मोकळं म्हणाले! मी महिनाभर हाच शब्द शोधतोय!"

काकू बाहेर आल्या, माझ्याकडे दयेनं बघत म्हणाल्या, "झालं. सापडलात तुम्ही."

पुढची सगळी वर्षं मी तेच केलं. "जरा भरीव झालंय." "वरून थोडं टोचतंय." "मागच्यापेक्षा बरं." पानपट्टीवर उभं राहून हवामानाबद्दल बोलावं तसे हे शब्द मी फेकायचो, आणि काका त्यावर आठवडाभर राबायचे. एकदा मी "टोचतंय" म्हणालो म्हणून त्यांनी अख्खं सर्किट उलगडलं. माझं खरं कारण असं होतं की मॅच सुरू व्हायची होती.

वैताग यायचा हो. भयंकर यायचा. त्यांना अमुक एका जातीचे अॅम्प्लिफायर आवडायचे, जे गाणं चालू असो नसो, पूर्ण वीज खात बसतात आणि तव्यासारखे तापतात. मे महिन्यात त्या खोलीत बसून बघा. उष्णता बाहेर टाकायला डब्याला लावलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर काकू विरजणाचं पातेलं ठेवायच्या. "कसलं काय, निदान दही तरी घट्ट लागतं," असं त्या सगळ्या गल्लीला सांगायच्या. ट्रान्सफॉर्मर शहागंजच्या एका भंगारवाल्या चाचांकडून यायचे. त्यांच्या दुकानात मला हमाल म्हणून नेलं जायचं. चाचा वजन करता करता विचारायचे, "साब, घर में इत्ता लोहा है, अब कायकू लेके जारे?" काका म्हणायचे, "चाचा, हा शेवटचा." चाचा माझ्याकडे बघून हसायचे. शेवटचा कुठला असतोय.

मग दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडीचा तळ दिसायला लागला. तोवर आमच्या मागचं ज्वारीचं रान जाऊन तिथं चार-चार मजले उभे राहिले होते, बायपासच्या पलीकडेही वस्ती गेली होती, आणि पाइप मात्र तोच जुना. नळ आधी दिवसाआड, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं. आला तरी करंगळीएवढी धार. म्हणून प्रत्येक घरानं नळाला मोटर लावलेली, ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. काकांना याचं दुःख वेगळंच होतं. "या मोटरींनी वीज गढूळ केलीय," म्हणायचे. पाणी गढूळ येतंय म्हणून लोक रडत होते, आणि यांना वीज गढूळ दिसत होती.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी डबा गार ठेवायला पाण्याची तऱ्हा काढली. तांब्याची नळी, छोटा पंप आणि खाली एक बादली. गल्लीत बादलीवरून भांडणं चाललेली आणि यांची बादली अॅम्प्लिफायरसाठी! "तेच पाणी फिरतं ना हो, संपत नाय," असं ते काकूंना समजावत होते. काकूंनी ऐकून घेतलं. रविवारी मी खुर्चीत बसलो होतो, काकांचं बोट वर होतं, आणि काकू शांतपणे आत आल्या, नळी बाहेर काढली आणि बादली धुण्याला घेऊन गेल्या. थोड्या वेळात फट्‌ असा आवाज झाला, करपल्याचा वास सुटला. "फरक सांगा," काका तेव्हाही म्हणाले. मी म्हणालो, "काका, जळालं." ते म्हणाले, "ते सोडा. त्याच्या आधीचं सांगा."

आता त्या टेपबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं कसोटीला गाणं एकच होतं. काका तरुणपणी वैजापूरला होते, तेव्हा गणपतीत एका गवयाचा कार्यक्रम झाला आणि माइक-स्पीकर यांच्याकडे होते. त्यांनी तो स्वतः टेप केला. मागे तानपुऱ्यावर एक गाणं शिकणारी मुलगी बसली होती. त्याच आपल्या काकू.

"तेव्हा आमचं ठरलेलं नव्हतं," काका म्हणाले.

आतून काकू म्हणाल्या, "ठरलेलं नव्हतं कसलं! गवयाचा माइक माझ्या मांडीशी आणून ठेवला होता यांनी. बुवा चिडले होते. आणि आता मी समोर उभी राहून बोलते ते यांच्या कानात शिरत नाही."

काका हसले नाहीत. मला हळूच म्हणाले, "मी त्या दिवशी हेडफोन लावून बसलो होतो. जे ऐकलं ते टेपमध्ये उतरलंय, मला पक्कं ठाऊक आहे. बाहेर येत नाय एवढंच. माझ्या कानाला ते आता कधी मिळायचं नाय. कुणाच्या तरी कानाला मिळालं तरी बास, मी थांबतो."

"काय ऐकलं होतं, काका?"

"ते नाय सांगणार. सांगितलं की तुमचे कान लबाडी करतील."

माझे कान दुसरं करत काय होते, ते त्यांना कुठं ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्या संध्याकाळी नळ आठवड्यानं आला होता. मोटर चालू, बायको गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी, मी खाली पिंपं भरतोय. भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. "ओ शेजारी. मोटर बंद करा आणि या. दोन मिनिटं."

"काका, पाणी आलंय!"

"माहिताय. मी माझी बंद केलीय. दोघांच्या मोटरी थांबल्या की विजेची लाइन जरा निवळते. आजचा डबा वेगळा आहे हो. नंतर भरा ना."

"नंतर कुठलं काका, कधी जाईल नेम नाही."

"दोन मिनिटं."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा रोग. मी बटण बंद केलं आणि तणतणत गेलो. खुर्चीत बसलो, दात आवळूनच. बोट वर झालं, टेप सुरू झाली.

सुरुवातीला मला कळलंच नाही काय झालं ते. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. बुवांनी सूर लावायच्या आधी श्वास घेतला, तो ऐकू आला. कुणीतरी सतरंजीवर मांडी बदलली. आणि मग तानपुऱ्याच्या प्रत्येक छेडीमागे एक इवलीशी किणकिण. काचेच्या बांगड्या. तारा छेडायला हात वळला की किण, परत आला की किण. इतकी वर्षं शेकडो वेळा ऐकलेली ती टेप, आणि तिच्यात एक कोवळा हात हलत होता हे मला पहिल्यांदा कळत होतं. मला गाण्यातलं कळत नाही. पण बांगड्या कळतात की. काका कशाच्या मागे होते तेही त्याच क्षणी समजलं.

मी उठलो नाही. दोन मिनिटं होऊन गेली, टेपची ती बाजू संपत आली, तरी मी बसून होतो. कुणी धरून ठेवलं नव्हतं. काकांचं बोटसुद्धा कधीच खाली आलं होतं.

तेवढ्यात माझ्या गच्चीवरून बायकोची हाक आली, "अहो! पाणी गेलं! टाकी अर्धीसुद्धा नाही! कुठं मेलात?"

घरात पाच माणसं आणि पुढचा आठवडा काढायचा. राग आला तो स्वतःचाच होता, पण समोर काका होते. ते वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नीट पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

"फरक सांगा."

"काहीच नाही, काका."

"काहीच?"

"काडीचा नाही. होतं तसंच आहे. आणि तिकडं माझं पाणी गेलं."

काकांनी बटण बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत. इतकी वर्षं तुम्ही माझं मन राखत होता, ते काय मला कळत नव्हतं व्हय? भरीव, मोकळं... आज पहिल्यांदा नाही म्हणालात. म्हणजे खरं बोललात."

मी तिथंच बोलायला हवं होतं. बायको पुन्हा ओरडली आणि मी ते निमित्त करून पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दोन बादल्या घेऊन दारात उभे. पाय पाण्यानं भिजलेले. "तुमचं माझ्यापायी गेलं," म्हणाले. बायकोनं कौतुकानं बादल्या घेतल्या. मी दाढी करत होतो, मी आरशासमोरून हललोच नाही.

रविवारी हाक आली नाही म्हणून मीच गेलो. डबा मोडलेला होता. सुटे भाग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडले होते. जोडणीचा नकाशा ते जमल्याशिवाय कागदावर उतरवायचे नाहीत, तशी त्यांची रीत; म्हणजे तोही गेला. "रस्ताच चुकलेला होता," ते म्हणाले आणि मला चहा दिला. त्यानंतर त्यांनी काही बांधलं नाही. संध्याकाळी मोठ्या आवाजात बातम्या लावून बसायचे. माझे रविवार मोकळे झाले. किती वर्षं मी ते मागत होतो! मिळाल्यावर दुपारभर मी भिंतीकडे कान लावून पडायचो.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात काकूंनी घर बिल्डरला दिलं आणि मुलीकडे नाशिकला जायला निघाल्या. त्यांनी मला बोलावलं. मोडायचे राहिलेले सगळे अॅम्प्लिफायर ओट्यावर ओळीनं मांडले होते.

"भाऊ, बाकी सगळं चाचांना देते. एकच नेणार. यांचा जो खरोखर जमला होता तो. तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

तिथं ठेवलेला एकही तो नव्हता. सांगायला एवढी सरळ जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. काकू थांबल्या होत्या, हातावर जुनी साडी घेऊन, गुंडाळायला. मी त्यातल्या त्यात चांगला दिसणारा एक डबा दाखवला. त्यांनी तो तान्ह्या पोरासारखा गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.

काकूंचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही नेलेला डबा तो नव्हे, काकांना खरोखर जमलं होतं, टेपमधल्या तुमच्या बांगड्या मी या कानांनी ऐकल्या, आणि ते मी काकांना सांगितलं नाही. एवढं सांगणं मी काकूंना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.