मामंजी निघाले

सोनाजीनं नांगर सोडून निजामाच्या रेल्वेत सांधेवाल्याची नोकरी धरली, तेव्हापासून त्याचा बाप त्याच्याशी बोलत नव्हता. बाप म्हणजे शिरड शहापूरचे तातेराव. लेकाच्या लग्नालाही ते आले नाहीत. चुलत्यानंच पुढं होऊन अक्षता टाकून घेतल्या. त्यामुळं १९३६ साली नर्मदाबाई वसमत-हिंगोलीच्या मधल्या त्या लहानशा ठेसनावर नांदायला आली, तेव्हा सासऱ्याचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं.

सोनाजी मोठा बोलका माणूस. रूळ बदलावेत, सिग्नल पाडावा, दिव्यांत तेल घालावं, आणि मास्तर जेवायला गेले की फोनपाशी बसावं. पलीकडच्या ठेसनावर त्याच्यासारखाच सांधेवाला होता, तांड्यावरचा रूपसिंग. दोघांच्या तासन्‌तास गप्पा. पण फोनची तार एकच. वरचे साहेब कधी कान लावून बसतील याचा नेम नाही. म्हणून या मंडळींनी आपली वेगळी बोली केली होती. माणसं आणि माल एकत्र नेणारी गाडी म्हणजे खिचडी. डब्यांवाचून एकटं आलेलं इंजन म्हणजे रिकामा घोडा. खडी टाकणाऱ्या मजुरांची गाडी म्हणजे वऱ्हाड. आणि तपासणीला ट्रॉलीवरून येणारे इन्स्पेक्टर साहेब म्हणजे मामंजी, कारण त्यांच्यापुढं सगळ्यांना सुनेसारखं खाली मान घालून उभं राहावं लागे.

नव्या नवरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एके सकाळी ती भाकरी घेऊन ठेसनात गेली, तर सोनाजी फोनवर ओरडत होता, "मामंजी निघाले? बरं झालं सांगितलंस, रूपसिंगा!"

नर्मदाबाईचा जीव हरखला; तिला वाटलं, आपल्याला पाहूनच नवरा बापाला मामंजी म्हणाला. "खरंच येऊन राहिले का?"

"व्हय, येऊन राहिले! वाटंतले पूल बघत बघत दुपारपर्यंत टेकतील. आज मला बोलायला सवड न्हाई." तेलाचा डबा उचलून तो लांबच्या सिग्नलाकडं पळालाही.

बापाच्या रागापायी नवरा रोज झुरतो, हे तिला माहीत होतं. तिनं अंगण सारवलं, डाळ शिजत घातली, पुरण वाटलं.

दुपारी पांढऱ्या मिशांचे, फेटा बांधलेले एक गृहस्थ क्वार्टरापाशी पाणी मागायला आले. अंगातला साहेबी कोट पाहून तिला वाटलं, सुनेकडं पहिल्यांदा येताना कुणाचा तरी मागून घातला असेल. तिनं पदर सावरला, पाय धुवायला पाणी दिलं आणि वाकून नमस्कार केला.

"मामंजी, तुमी आलात, लई बरं केलं. यांच्यावरचा राग सोडा आता. घास घेताना रोज तुमचं नाव काढतेत."

इन्स्पेक्टर साहेब गोंधळले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण पोरीचे डोळे भरलेले पाहून गप्प बसले. ओसरीवर मांडी घालून त्यांनी पोळी खाल्ली, आणखी मागूनही घेतली.

सोनाजी धापा टाकत आला आणि दारातच थिजला. साहेबांनी हात धुतले.

"सोनाजी, तुझी बायको मला मामंजी म्हणते. का?"

थाप मारणं त्याला जमेना. त्यानं सगळं सांगून टाकलं, खिचडीपासून वऱ्हाडापर्यंत. नर्मदाबाई चुलीआड तोंड लपवून बसली. साहेबांनी ओल्या हातानं मिशा पुसल्या. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या बापाच्या वाटणीचं मी जेवून बसलो. आता सुट्टी घे आणि त्याला घेऊन ये. हा माझा हुकूम समज."

दोघं बैलगाडीनं शिरड शहापूरला गेली. तातेराव दावणीपाशी बैलाला वैरण टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही. सोनाजी गाडीपाशीच घुटमळला, तेव्हा नर्मदाबाईनंच पुढं होऊन घडलेलं सगळं सांगितलं. म्हातारा तटकन म्हणाला, "काहून? मला सोडून त्या साहेबाला पुरण घातलंस?"

"त्याह्यला न्हाई घातलं, मामंजी. तुमी आलात समजून घातलं."

तातेरावांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग ते वैरणीकडं वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "उद्या गाडी जुंपा."

ठेसनावर ते बरेच दिवस राहिले, पण बोलायचे ते फक्त सुनेशी. त्यांच्यासमोर पहिल्यांदा लेकानं दांडा ओढला, दूरवर सिग्नलचा हात खाली आला आणि एवढी थोरली गाडी निमूट आत शिरली. म्हातारा कितीतरी वेळ त्या दांड्याकडं बघत राहिला.

जायच्या आदल्या दिवशी सोनाजीनं त्यांना रूपसिंगाच्या ठेसनापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. त्याला ड्यूटी सोडता येईना, म्हणून नर्मदाबाई संगं बसली. तातेराव आयुष्यात पहिल्यांदा गाडीत चढले होते. दोन्ही हातांनी खिडकीचा गज घट्ट धरून त्यांनी भोवतालच्या उतारूंकडं पाहिलं, मग डोकं बाहेर काढलं आणि शेतात हाक मारायचे तशा खणखणीत आवाजात ओरडले,

"सोना! सोड रं गाडी आता!"

डब्यातली माणसं वळून बघायला लागली. सोनाजीनं डोळे पुसले आणि दांडा ओढला.