न धुतलेल्या काचा

लढाईच्या काळात मी धुळ्याला ड्रॉइंगचा मास्तर होतो, आणि जंगली जनावरांचा फोटोग्राफर म्हणून माझं बरंच नाव झालं होतं. माझा एकही फोटो तोवर कुणी पाहिला नव्हता, हे त्याचं मुख्य कारण.

कॅमेरा काचेच्या प्लेटांचा, सासऱ्यांनी दिलेला. दर सुट्टीत मी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने निघायचो. सोनगीरच्या चढाला आम्ही उतारू खाली उतरून ती ढकलायचो. शिरपूरपासून बैलगाडी, आणि मग सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. तिथे मोह आणि डिंक वेचणारे एक आबा मला रानात न्यायचे. ते बोट दाखवायचे, मी त्या दिशेला फोटो घ्यायचो. ते काय दाखवताहेत हे मला पुष्कळदा दिसायचंच नाही, पण विचारायची लाज वाटायची.

फोटो घेतलेली काच औषधात धुवावी लागते. लढाईमुळे ती औषधं मिळेनाशी झाली. मी काचा काळ्या कागदात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवत गेलो. तीन वर्षांत ट्रंक भरली. तेवढ्या काळात अमळनेरला माझी दोन व्याख्यानंही झाली.

लढाई संपली, औषधं आली. मे महिन्याच्या सुट्टीत मी न्हाणीघराच्या फटींत गोधड्या कोंबल्या, कंदिलाला लाल कागद गुंडाळला आणि घामाच्या धारांत बसलो. पाणी इतकं तापलेलं, की पहिल्या चार काचांवरचा थर सायीसारखा घसरून घमेल्यात उतरला.

बायकोने दाराबाहेरून विचारलं, "काय होतं त्यात?"

"बहुतेक बिबट्या."

"मग गेला तो," ती म्हणाली.

काम थंडीवर ढकललं. थंडीत मी काचा धुवायच्या, छापे काढायचे आणि तिने ते उजेडात धरून निवडायचे, अशी वाटणी झाली. कुठल्या काचेवर काय आहे ते मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही वाळवीने खाल्ली होती.

"अहो, हे काय?"

"तरस असावं."

"दगड आहे."

"आणि हे?" मी विचारलं.

"हाही दगडच. जरा मोठा."

असे दगड साठत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीची तावदानं लढाईत फुटली होती आणि नवी मिळत नव्हती. दगडांपैकी नऊ काचा आम्ही सोड्याच्या गरम पाण्यात खरवडून साफ केल्या आणि सुताराकडून तिथे बसवून घेतल्या. स्वयंपाकघरात छान उजेड आला.

सगळ्या ट्रंकेत एकच जनावर स्वच्छ निघालं. वाळकं गवत, ताठ कान, रोखलेली नजर. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून तो लांडगा ठरवला. मी गप्प राहिलो, तो माझा विनय ठरला. हेडमास्तरांनी फोटो मोठा करवून शाळेच्या तपासणीच्या आधी हॉलमध्ये लावला. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"थोडीशी," मी म्हणालो.

पुढच्या सुट्टीत आबांसाठी लांडग्याचा एक छापा घेतला. सोबत एका दगडाचाही घेतला. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली, म्हणून खिडकीतून वाचली होती. लांडगा पाहताच आबांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या.

"हाऊ तं मना कुत्रा शे! भाऊ, तुम्ही याले भाकर दिन्ही व्हती ना?"

दिली होती. मला ती भाकर लख्ख आठवली.

मग मी संकोचाने दगड पुढे केला. आबांनी क्षणभरही न थांबता त्यावर बोट ठेवलं. "हाई तरस. हाऊ कान दखा, हाऊ खांदा. तुमनाकडेच दखी ऱ्हायनं."

मी पाहिलं. आधी काहीच नव्हतं, मग कान दिसले, आणि त्यानंतर तिथे पुन्हा दगड काही दिसेना. वीस पावलांवर ते बसलं होतं आणि मी बहुधा वहीत वेळ टिपत होतो. दोन वर्षं उशिरा मी दोन पावलं मागे सरलो. त्याच्याही आधी डोळ्यांपुढे आली ती आमची खिडकी.

धुळ्याला परतल्यावर हेडमास्तरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"साहेबांनी शेऱ्यात लांडगा लिहिलंय, मास्तर. आता त्याला कुत्रा म्हणणारे तुम्ही-आम्ही कोण?"

मी त्याऐवजी तरस देऊ केलं. त्यांनी ते आदराने हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"दगड सुरेख आलाय," ते म्हणाले.

बायकोला मात्र कानांवर बोट ठेवल्याबरोबर दिसलं. "अगं बाई!" म्हणून तिने छापा पालथा घातला. बराच वेळ खिडकीकडे पाहायचं आम्ही दोघांनी टाळलं. मग तिने उरलेल्या दगडांचे, खिडकीत गेलेल्या नऊंचेही, छापे एका फडक्यात बांधले, आणि दिवाळीत ती स्वतः माझ्याबरोबर आली. आबांनी ओसरीवर बसून एकेक छापा पाहिला. दोन भेकरं निघाली आणि एक मोर.

"बाकी? हे खिडकीतले नऊही?" तिने विचारलं.

"बठ्ठा दगड शेत, अक्का," आबा म्हणाले.

सगळे दगडच! तिने सुटकेचा इतका मोठा सुस्कारा सोडला, की आबांनी तिच्यासाठी घाईघाईने पाणी मागवलं.