हुकलेल्या किकचा गुण

काल सर्दी झालेल्या लेकीच्या रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि त्या वासासरशी मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या जुन्या शेजाऱ्यांच्या, ग्रेग आणि जेनच्या, स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोन हजार पाच साल असेल. हे ऑस्ट्रेलियन जोडपं शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवर त्यांच्याकडच्या वेगळ्याच नियमांच्या फुटबॉलचं धावतं वर्णन ऐकायचं. ग्रेग गुडघ्याला तेच तेल चोळत होता. त्यांच्या क्लबातल्या थकलेल्या लाडक्या खेळाडूला आता बाहेर बसवावं, असं त्याचं म्हणणं. जेनला ते पटत नव्हतं.

त्याच खेळाडूने किक मारली. निवेदकाच्या भरभर इंग्रजीतून मला एवढंच कळलं, की यांचा एक गुण वाढला. क्रिकेटवर वाढलेली मी, टाळ्या वाजवल्या. दोघं माझ्याकडे बघतच राहिले.

"अगं, गोल हुकला," जेन म्हणाली. "थोडक्यात हुकला, की एक गुण देतात."

"हुकल्याबद्दल?"

"हो."

माझ्या पर्समध्ये आदल्या दिवशी आलेलं, नोकरीच्या नकाराचं पाचवं पत्र होतं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "कालच्या पत्रात काय होतं गं?"

"एक गुण मिळाला," मी म्हणाले.

तो गोंधळून बघत राहिला. त्याला नीट समजावून सांगणं मला अजूनही जमलेलं नाही.